ठाणं सोडून कुठे जायचं? चार शहरांची हवा बघितली त्या वर्षाबद्दल

आमच्या ह्यांना दमा लहानपणापासून नाहीये, पंचेचाळिशीनंतर सुरू झाला, आणि पहिली पाच-सहा वर्षं आम्ही सगळा दोष धुळीला देत होतो. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की ह्यांचा पंप, म्हणजे इन्हेलर, मार्चमध्ये आणला तर जूनपर्यंत आरामात पुरतो आणि जुलैत आणलेला ऑगस्ट अर्धा व्हायच्या आत संपतो. पंप तोच, माणूस तोच, घर पण तेच. बदलायची ती फक्त हवा.

२०२३ च्या जुलैत माळ्यावरची बॅग काढली, त्यात माझा लग्नातला शालू होता. उघडला तर प्रत्येक घडीवर पांढरी बुरशी, बोट फिरवलं तर पिठासारखी बोटाला आली. हे दारात उभे होते, तिथूनच खोकायला लागले ते थांबेचनात, रात्री दोन वाजता नेब्युलायझर लावून दोघं बसलो होतो आणि बाहेर ठाण्याचा तो न थांबणारा पाऊस. भिंतीला पोपडे, कपाटामागे काळी ओल, मिठाच्या बरणीत पाणी, टॉवेल चार दिवसांनी पण दमट, हे सगळं आम्ही चोवीस वर्षं पावसाळा म्हणून सोडून देत होतो. छातीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न विचारला, घरात ओल आहे का. आणि म्हणाले, जमत असेल तर कोरड्या हवेत राहायला जा.

जमत असेल तर! मी त्या डिसेंबरात शाळेतून रिटायर होणार होते, हे आधीच झाले होते, लेक बंगलोरला, दीर पुण्यात, माझी आई नागपुरात एकटी. म्हणजे जायला जागा होत्या. पण कुठे, हे ठरवायचं कसं?

आमचा अनुभव असा होता की कुठल्याही शहरात आपण जातो ते लग्नाला नाहीतर दिवाळीत, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात महाराष्ट्रातलं कुठलंही शहर छानच वाटतं. नागपूर तर फारच. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन तिथे असतं तेव्हा सगळे खूश असतात, २०१८ ला एकदा पावसाळी अधिवेशन तिथे घेतलं तर ६ जुलैला इतकं पाणी साचलं की विधानभवनाची वीज बंद ठेवायला लागली. तर आम्ही ठरवलं की प्रत्येक शहरात त्याच्या अवघड दिवसात जाऊन महिना-दीड महिना राहायचं, हॉटेलात नाही, घरात, स्वयंपाक-धुणं सगळं करत. साडेतीनशे रुपयांचं एक छोटं मीटर ऑनलाइन मागवलं, तापमान आणि हवेतली आर्द्रता दाखवणारं, आणि एक शंभर पानी वही. रोज सकाळी सहा, दुपारी तीन, रात्री दहा असे तीन आकडे आणि चौथा आकडा ह्यांच्या पंपावरच्या काउंटरचा, म्हणजे पंप किती वेळा दाबला त्याचा. शहराचं तापमान मोबाईलवर मिळतं पण ज्या खोलीत माणूस झोपतो तिथलं कोणी सांगत नाही, आणि आम्हाला तेच हवं होतं.

पहिलं बंगलोर. मार्च २०२४. लेकीचं घर व्हाइटफील्डला. बंगलोरच्या हवेचं जे कौतुक आहे ते खरं आहे, मी आधीच सांगते. शहर समुद्रसपाटीपासून ९२० मीटरवर, आणि दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, त्यामुळे चेन्नईइतकंच दक्षिणेला असून रात्री पांघरूण लागतं. दुपारी ३३-३४, पण संध्याकाळी खिडकी उघडली की अर्ध्या तासात घर गार. रस्त्याकडेला गुलाबी फुलांची झाडं इतकी बहरलेली की जावई मुद्दाम गाडी हळू चालवायचा. ह्यांना पहिला आठवडा एकदम आवडलं, घर बघायला लागले होते.

पण ते वर्ष बंगलोरचं पाणीटंचाईचं वर्ष होतं. सोसायटीची बोअर आटली, टँकर येईल तेव्हा येईल, नळाला सकाळी दोन तास पाणी, मी तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवत होते. हवा चांगली म्हणून माणसं येतात, माणसं आली की घरं वाढतात, घरं वाढली की तळी बुजतात आणि झाडं जातात, हे मी तिथे पाचव्या मजल्याच्या गॅलरीतून रोज बघत होते, समोर एकाच वेळी चार क्रेन चालू. आणि ह्यांच्या छातीला ओल नव्हती तर परागकण आणि बांधकामाची धूळ होती. पहाटे खिडकी उघडली की वीस-वीस शिंका. पाच आठवड्यांत पंपाचे ४१ दाब, वहीत लिहिलेले आहेत. लेकीला वाईट वाटलं, मलाही वाटलं, तिला आम्ही जवळ हवे होतो.

मग नागपूर, १ मे ते १२ जून. लोक म्हणाले वेड लागलंय का, मे महिन्यात कोणी नागपूरला जातं का. माझं तर ते माहेर, तरी मला पण धास्ती होती, कारण हे मूळचे गुहागरकडचे, समुद्राच्या हवेत वाढलेले, आणि त्यांना त्या उन्हाची काही सवय नाही.

तिसऱ्या दिवशी ह्यांचा घोळणा फुटला. कोरड्या हवेने नाक आतून तडकतं, आमच्याकडे पोरांना नेहमी व्हायचं, पण हे घाबरले. आईने डोक्यावर गार पाणी थापलं, कांदा हुंगायला दिला आणि म्हणाली, जावईबापू, अकरानंतर उन्हाचे निघू नका, निघालेच तर डोकं बांधा आणि खिशात कांदा ठेवा. मग तिने नाकात तुपाचं बोट फिरवायला लावलं रोज झोपताना, आणि खरंच परत फुटला नाही.

आता कुलरबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मुंबई-पुण्याकडच्या लोकांना हे माहीत नसतं. आईच्या घरचा कुलर खिडकीच्या बाहेर लोखंडी स्टँडवर, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याचा टब, छोटी मोटर पाणी वर चढवते आणि ते ताट्यांवरून झिरपत राहतं, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यातून आत ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, बस, एवढंच. पण हे चालतं कुठे, तर जिथे हवा कोरडी आहे तिथेच. २० मेला दुपारी तीन वाजता कुलर बंद असताना खोलीत ४० अंश आणि ११ टक्के आर्द्रता, मी स्वतः लिहिलेलं आहे, कुलर लावल्यावर पाऊण तासात ३० अंश आणि आर्द्रता साठच्या आसपास. दहा अंश खाली, एका मोटरवर आणि पाण्यावर! हाच कुलर ठाण्यात लावला असता तर खोली फक्त दमट झाली असती. आणि समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवायची असते, ओलसर हवा बाहेर जायला, हे विसरलं की कुलरखाली पण घुसमट होते. पहिल्या दिवशी नवीन ताटी ओली झाल्यावर जो वाळ्याचा वास सुटतो त्याने मला एकदम लहानपणची दुपार आठवली, फरशीवर ओळीने झोपलेले आम्ही भावंडं, खिडक्यांना ओले पडदे, आणि आईचं पन्हं. हे म्हणाले, हा वास छातीला लागत नाही गं.

म्हणून मला वाटतं नुसत्या तापमानाच्या आकड्यावर शहर ठरवू नये. हवामान खातं पण उष्णतेची लाट मोजताना मैदानी भागाला ४० ची अट लावतं आणि किनाऱ्याला ३७ ची, कारण घाम वाळला नाही तर ३७ पण जास्त आहेत. ठाण्यात मे महिन्यात ३५ ला जीव नकोसा होतो तो ह्यामुळेच.

त्याच मुक्कामात ३० मेला नागपूरला ५६ अंश अशी बातमी आली, फोनवर फोन, लेक रडकुंडीला, दीर म्हणाले आत्ताच्या आत्ता पुण्याला या. आमच्या अंगणात नेहमीसारखंच होतं. दुसऱ्या दिवशी हवामान खात्याने सांगितलं की त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडलेला, बाकी ठिकाणी ४४ च्या आसपास.

पण मी नागपूरची बाजू घेतेय असं वाटायला नको. ४४ हे ४४ च आहेत. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा माणूस घरात कोंडलेला असतो, सहा आठवड्यात हे संध्याकाळी सातनंतर तलावाकडे गेले तेवढंच. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री एकपर्यंत खाली आग ओततो. एका रात्री लाईट गेली ती साडेतीन तास, आईला ओल्या पंचाने पुसत बसले होते, ऐंशी वर्षांची बाई, तिची नाडी धरून. कुलरला दिवसाला आठ-दहा बादल्या पाणी लागतं, ते सगळ्यांकडे कुठे असतं? आईकडे भांड्याला येणाऱ्या ताई पत्र्याच्या घरात राहतात, त्या सांगत होत्या की रात्री नऊपर्यंत घरात पाय टाकवत नाही, पोरांना घेऊन देवळाच्या ओट्यावर बसतो. त्यांना शहर निवडायची सोय नाही. त्यांच्यासाठी मे म्हणजे काय असतं हे मला ह्या वयात जवळून कळलं, लहानपणी आमच्या घरात वाळा होता म्हणून कधी कळलंच नव्हतं. आता त्या दुपारी काम झाल्यावर आईकडेच थांबतात, कुलरसमोर, सहापर्यंत. आईनेच ठरवलं तसं.

सहा आठवड्यांत पंपाचे दाब किती, तर ७. मी दोनदा मोजले.

पुण्याला ५ जुलैला पोचलो, कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर दोन महिन्यांसाठी भाड्याने. ह्यांचं मन पुण्यावरच होतं आणि खरं सांगायचं तर सगळ्या नातेवाईकांचंही. उंची ५६० मीटर, सह्याद्रीच्या पलीकडे, पावसाचा सगळा जोर घाटावर उतरून जातो, पुण्यात वर्षभरात साधारण सातशे मिलिमीटर पडतो आणि मुंबईत एकट्या जुलैत त्याहून जास्त. ब्रिटिशांच्या काळात मुंबईचा गव्हर्नर हिवाळा मुंबईत काढायचा, उन्हाळा महाबळेश्वरला आणि पावसाळा पुण्यात, आज विद्यापीठाची जी मुख्य इमारत आहे तो त्याचा गणेशखिंडीतला बंगला. म्हणजे पुणं हे पावसाळ्यात राहायचं शहर हे तेव्हापासून ठरलेलं. आणि विद्यापीठाकडून शिवाजीनगरला येताना सिमला ऑफिसचा चौक लागतो ना, ते हवामान खात्याचं ऑफिस, त्याचं मुख्यालय १९२८ ला सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून ते नाव. आम्ही रिक्षाने जाताना हे दर वेळी मला तेच सांगायचे, खूश असायचे.

मीटरने मात्र मला चकित केलं. जुलैत कोथरूडच्या बेडरूममध्ये आर्द्रता ८६, ८८, ९०, म्हणजे ठाण्याइतकीच! फरक तापमानाचा, इथे २५-२६, ठाण्यात २९-३०, आणि दुसरा फरक असा की इथे भिंती आतून ओल्या नव्हत्या, कपडे पंख्याखाली दोन दिवसांत वाळायचे. म्हणजे त्रास ठाण्यापेक्षा खूपच कमी, पण कोरडी हवा म्हणतात ती पुण्यात पावसाळ्यात नसतेच. शिवाय गाजर गवत. हे गवत देशात पहिल्यांदा दिसलं ते पुण्यातच, १९५५-५६ च्या सुमारास, आणि मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढं वाढलेलं असतं, ह्यांचे डोळे आणि नाक त्याने वाहायला लागले. हे रोज सकाळी एआरएआयच्या टेकडीवर जायचे, परत आले की चेहरा उजळलेला असायचा आणि नाक लाल. ढग खाली आलेले, भुरभुर पाऊस, मोर ओरडतायत, हे त्यांना कोकणासारखं वाटायचं. मला कळत होतं की ह्यांना इथेच राहायचंय.

२५ जुलैला पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घराघरात पाणी शिरलं. आम्ही उंचावर होतो, आम्हाला काही झालं नाही, पण दिरांच्या ओळखीचे एक कुटुंब दोन दिवस त्यांच्याकडे राहायला होतं, त्या बाई सारखं एकच सांगत होत्या की पुण्यात पूर येत नाही असं सगळे म्हणाले म्हणून तळमजला घेतला. तेव्हा मी वहीत मागच्या पानावर लिहिलं, शहर बघू नका, गल्ली बघा. पुण्यातल्या पुण्यात पाषाण, एनडीए थंडगार असतं आणि त्याच रात्री कोरेगाव पार्क-मगरपट्ट्याला कितीतरी अंश जास्त, हे तर पेपरात रोज येतं.

आठ आठवडे, ५२ दाब.

सप्टेंबरात ठाण्याला परत आलो, कुलूप उघडलं तर तो वास. ऑक्टोबर तसाच चिकचिकीत गेला. निर्णय मी घेणार नव्हते. माझं माहेर, माझी आई, मी नागपूर म्हटलं असतं तर ते माझ्यासाठी झालं असतं आणि मला ते नको होतं, चोवीस वर्षांच्या शेजाऱ्यांपासून आणि समुद्रापासून माणसाला तोडायचं म्हणजे लहान गोष्ट नाही. मी वही डायनिंग टेबलवर ठेवून दिली आणि आठवडाभर विषयच काढला नाही. एका रात्री जेवताना हेच म्हणाले, अगं, सात म्हणजे सातच ना, चुकून सतरा नाही ना? मी म्हटलं नाही, सातच. मग म्हणाले, कुलरला जागा असलेलं घर बघायला लागेल.

आणि तेच सगळ्यात अवघड निघालं! नोव्हेंबर ते जानेवारी नागपुरात तेवीस फ्लॅट बघितले. नवीन बिल्डिंगमध्ये कुलरसाठी खिडकीच नसते, एसी लावणार हे धरूनच बांधतात, समोरासमोर खिडक्या नाहीत, काचा मात्र मोठ्या मोठ्या आणि त्या पण पश्चिमेला. आमच्या अटी होत्या : सगळ्यात वरचा मजला नको, झोपायच्या खोलीची भिंत पश्चिमेला नको, पाणी भरपूर, आणि जागा सखल नको, कारण २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा खालच्या वस्त्यांचं काय झालं ते आईने डोळ्यांनी बघितलंय. थंडीत घर बघून उन्हाळ्याचं कसं कळणार, म्हणून मी प्रत्येक बिल्डिंगमध्ये वर-खाली राहणाऱ्यांची बेल वाजवून विचारायचे, मेमध्ये रात्री भिंतीला हात लावला तर कशी लागते. एका ठिकाणी सगळं पसंत पडलं होतं, टोकन द्यायच्या बेतात होतो, तर खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ती कोपऱ्यातली खोली ना, आम्ही एप्रिल ते जून तिथे झोपतच नाही, पापड वाळवतो. तो फ्लॅट सोडला. शेवटी प्रतापनगरला पहिल्या मजल्यावर मिळाला, जुनी बिल्डिंग, वर तीन मजले सावली धरायला, दक्षिण-उत्तर खिडक्या, समोर कडुनिंब. आईचं घर दहा मिनिटांवर.

मार्च २०२५ ला आलो. पहिला उन्हाळा कुलरवर निघाला, दुपारचे तीन तास खोली ३१ च्या वर गेली नाही. जुलै-ऑगस्टचं मात्र आम्ही आधी तपासलंच नव्हतं, आणि ते दोन महिने नागपुरात पण चांगलीच उमस असते, कुलर काही कामाचा नाही, मीटरवर ८०-८५. पण पाऊस दोन दिवस पडला की चार दिवस उघडीप, ऊन पडलं की भिंती वाळून खडखडीत, ठाण्यासारखी महिनोन्‌महिने मुरलेली ओल नाही. जुलै-ऑगस्ट मिळून पंपाचे १९ दाब. शालू ड्रायक्लीन करून कपाटात ठेवलाय, त्या दोन महिन्यांत दर रविवारी काढून घडीवर बोट फिरवून बघत होते, काही नव्हतं.

त्या मे महिन्यातला एक दिवस राहिलाच सांगायचा. २६ मेला मुंबईत मान्सून आला, इतका लवकर आधी कधी नोंदलाच नव्हता. ठाण्याच्या शेजाऱ्यांनी आमच्या जुन्या गॅलरीसमोरच्या पावसाचा व्हिडिओ पाठवला. इकडे खिडकीबाहेर नुसतं पांढरं ऊन. ह्यांनी तो व्हिडिओ आवाज मोठा करून तीनदा ऐकला आणि मग मोबाईल पालथा ठेवला. मी काही बोलले नाही, पन्हं करून दिलं.

डिसेंबरात पंधरा दिवस गुहागरला जायचं ठरलंय, तेव्हा तिकडे पण पाऊस संपून हवा जरा कोरडी झालेली असते. गाडीचं रिझर्वेशन आता साठच दिवस आधी मिळतं, त्या तारखेला हे सकाळी आठच्या आधीच मोबाईल धरून बसणार आहेत. पंप बरोबर घ्यायचाय, आणि मीटर पण.